अढीच्या खोलीतलं इंजिन

मुळ्यांच्या घरात यंत्र चालत नाही, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. मुळ्यांना तेवढं ठाऊक नव्हतं. आजोबांनी तेलाच्या घाण्याला जोडायला म्हणून इंजिन आणलं, ते अजून मागच्या फणसाखाली पडलेलं आहे आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या त्यात अंडी घालतात. अण्णांनी, म्हणजे भास्करच्या वडलांनी, मिरकरवाड्यात बर्फाचं यंत्र टाकलं. ब्राह्मणाचा मुलगा मासळीच्या बंदरावर धंदा करतो म्हणून नातेवाईक आधी रागावले, आणि त्या यंत्रातलं पाणी शेवटपर्यंत पाणीच राहिलं म्हणून नंतर पोट धरून हसले. भास्कर तेवढा शहाणा निघाला, असं सगळ्यांना वाटत होतं. त्याने पाटबंधारे खात्यात आयुष्यभर फायली फिरवल्या, आणि फायलींना तेल लागत नाही. पण रक्तातलं जातं कुठे? निवृत्तीचा नारळ घरी आणून ठेवला, आणि पावसाळा सरायच्या आत स्वारी धातू कातायचा एक जुना लेथ टेम्पोत घालून घेऊन आली.

लेथ ठेवला अढीच्या खोलीत. पूर्वी घरचे आंबे पेंढ्यात घालून पिकवायची ती खोली. आता कलमं मक्त्याने देत असल्यामुळे ती रिकामीच होती. त्या खोलीत भास्करने इंजिन बांधायला घेतलं. इंजिन म्हणजे केवढं, तर लाडवाच्या डब्यात मावेल एवढं. त्याला वाफ नको, पेट्रोल नको. एका बाजूला स्पिरिटचा दिवा लावायचा, दुसरी बाजू गार ठेवायची, मधली हवा तापली की दट्ट्या ढकलते, निवली की मागे ओढते, आणि चाक फिरतं. पुस्तकात एवढंच होतं. एवढ्यासाठी भास्करची दोन वर्षं गेली. पहिला सिलिंडर वाकडा झाला, दुसरा सरळ झाला पण दट्ट्या त्यात जाईना, तिसऱ्यात दट्ट्या गेला तो परत आलाच नाही. चाकाचं पितळ मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरच्या मोडक्या पंख्याचं. ते घासून घासून असं लखलखीत केलं होतं की हेमा, त्याची बायको, म्हणाली, एवढी देवाची भांडी घासली असतीत तर देव तरी पावला असता.

यात खरी अडचण दर्शनाची होती. दर्शना ही त्यांची सून. मुलगा संदेश डोंबिवलीला नोकरीत, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा, आणि दर्शना सात वर्षांच्या ओवीला घेऊन इथे सासू-सासऱ्यांजवळ. ती फणसपोळी आणि आंबावडी करायची. आधी घरापुरती, मग शेजाऱ्यांना, मग दादरच्या एका दुकानाला. स्वयंपाकघरात फणसपोळीची ताटं, माजघरात फणसपोळीची ताटं, एकदा भास्करच्या चष्म्याच्या घरालासुद्धा फणसाचा रस लागला. तिला अढीची खोली हवी होती. कोरडी, सिमेंटची, मुंग्या न लागणारी. आणि खोली नसेल तर जूनपासून तिने आणि ओवीने डोंबिवलीला यावं, असं संदेशने दिवाळीत सरळच सांगितलं. भास्करने ते खात्यातल्या परिपत्रकासारखं वाचलं आणि बाजूला ठेवलं. परिपत्रकं अंमलात येतात यावर त्याचा कधीच विश्वास नव्हता.

पण त्याच दिवाळीत फराळ करताना चुलतभाऊ बाबूने विचारलं, "काय भास्कर, तुझं चाक फिरतं की तूच त्याच्याभोवती फिरतोस?" सगळे हसले. भास्करही हसला, आणि हसता हसता बोलून गेला, की अण्णांच्या श्राद्धाला चाक फिरलं नाही तर अढीच्या खोलीची किल्ली दर्शनाची. फिरलं तर मात्र खोलीचं नाव परत कोणी काढायचं नाही. बोलल्यावर चकली तोंडात तशीच राहिली. हेमाने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ लग्नापासून एकच होता.

पौष वद्यात अण्णांचं श्राद्ध. त्याच्या चार दिवस आधी, भर दुपारी, इंजिन खरोखरच चाललं. भास्कर एकटाच खोलीत होता. दिवा लावला, चाकाला बोटाने धक्का दिला, आणि चाक फिरलं. शिवणयंत्रासारखा बारीक आवाज करत फिरतच राहिलं. भास्करच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला तरी बोलवावं म्हणून तो धावत सुटला, तर हेमा हळदीकुंकवाला गेलेली, दर्शना ओवीला शाळेतून आणायला. परत येईपर्यंत दिव्यातलं स्पिरिट संपलेलं. हेमा घरी आल्यावर त्याने तिला सांगितलं, तर ती म्हणाली, बरं झालं. पोस्टमन येऊन गेला म्हटल्यावर म्हणतात तसं.

आता भास्करला कसलीच काळजी नव्हती, आणि इथेच तो फसला.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी चिपळुणाहून आक्का आली. आक्का म्हणजे आनंदीबाई, भास्करची थोरली बहीण. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली तरी मुळ्यांच्या घरातला शेवटचा शब्द अजून तिच्याकडेच होता. आल्या आल्या तिने इंजिन बघितलं, वास घेतला आणि तेल कसलं म्हणून विचारलं. भास्कर म्हणाला, मशीनचं.

"मशीनचं म्हणजे कसलं? त्यात कुणाची चरबी नि कुणाचं काय. ते घेऊन तू अण्णांच्या श्राद्धाला माजघरात येणार? सोवळ्यात?"

भास्करने समजावून पाहिलं. तेल खनिज असतं, जमिनीतून येतं, त्यात चरबी नसते. आक्का म्हणाली, तू जमिनीत उतरून बघून आलास काय? स्पिरिटला तिने, दवाखान्यातली वस्तू म्हणून, सूट दिली. पण तेल बदलल्याशिवाय इंजिन अढीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर यायचं नाही. आणि उंबऱ्याबाहेर आलं नाही, तर बाबू आयुष्यभर म्हणणार की ते चाललंच नव्हतं.

तेव्हा संध्याकाळी भास्कर पडवीत बसला. इंजिनाचा सांधा न् सांधा त्याने रॉकेलने धुतला आणि त्यात घरचं खोबरेल घातलं. घरच्या माडांच्या नारळांचं, घरी उन्हात वाळवलेल्या खोबऱ्याचं, पावस गावच्या घाण्यावर काढून आणलेलं. यापेक्षा शुद्ध जगात काय असतं? दट्ट्याला लावलं, दांड्याला लावलं, कुठे कोरडं राहायला नको म्हणून परत एकदा लावलं. बरणी हेमाने काढून दिली होती. ती थोडा वेळ उभी राहिली, तोंड उघडलं, मिटलं, आणि आत गेली. भास्करला वाटलं, बिचारी कौतुक करणार होती.

त्या रात्री थंडी पडली. रत्नागिरीची थंडी ती केवढी, पण मुंबईहून आलेली मंडळी शाली मागायला लागली, आणि बाबू तर मफलर बांधून झोपला.

सकाळी गुरुजी दुसऱ्या एका घरचं उरकून यायचे होते, त्यामुळे वेळ होता. मंडळी माजघरात जमली. पाटावर अण्णांचा फोटो, दुसऱ्या पाटावर इंजिन. आजचा कर्ता भास्कर. म्हणजे उपाशी, कमरेला सोवळं, वर उघडा. माजघर आमचं आधीच अंधारं नि गार, असं मुळे अभिमानाने सांगतात. त्या दिवशीही ते होतं. गार बाजू जास्त गार राहावी म्हणून भास्करने सिलिंडरला विहिरीच्या पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळलं होतं. आता वाकल्यावर जानवं चाकात अडकू नये म्हणून त्याने ते कानाला लावलं, आणि बाबूला जे बोलायचं होतं ते तो बोललाच.

"अरे, परसाकडे जाऊन आलास तरी चालेल. आम्ही थांबतो."

भास्करने दिवा लावला. आता थोडं तापू दे, म्हणाला. तापू दिलं. मग त्याने चाकाला बोटाने धक्का दिला. चाक पाव फेरा फिरलं आणि थांबलं. जरा जड लागलं, पण नवं तेल आहे, बसायला वेळ लागतो, असं त्याने सांगितलं. बसायला वेळ लागतो हे वाक्य त्याने खात्यात इतक्या वेळा वापरलं होतं की आपोआप तोंडात आलं. पुन्हा धक्का दिला. पाव फेरा. हवा कशी तापते, कशी निवते हे त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं, मधेमधे चाक ढकलत. समजावणं फार छान झालं, असं नंतर संदेशही म्हणाला. चाकाला तेवढं समजलं नाही. कितीही ढकललं तरी पाव फेरा फिरून, ओल्या चुलीपाशी बसलेल्या म्हातारीसारखं, ते हळूच थांबायचं.

बाबू म्हणाला, दोन हजार साल लागलं म्हणून एक जानेवारीला जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते, ते एकही पडले नाहीत. कुठे गेलं म्हणून मी विचार करत होतो, तर ते सगळं बंद पडणं आपल्याकडे आलंय. माजघर खदखदून हसलं. आक्कासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. भास्करही हसला. दुसरं काय करणार? उघड्या अंगाने, कानाला जानवं लावून, वडलांच्या फोटोसमोर हरलेल्या माणसाला रागावून चालत नाही. ते आणखी वाईट दिसतं.

हसली नाही ती दर्शना. ती दाराशी उभी होती, हातात पिंडांचा भात. तिने मान खाली घातली. आणि हेमा. हेमा स्वयंपाकघरातून आलीच नव्हती.

गुरुजी आले, श्राद्ध झालं. कावळ्याने तर पहिल्या फटक्याला घास उचलला. आक्का म्हणाली, अण्णांची काही इच्छा राहिलेली नाही. भास्करच्या मनात आलं, निदान इंजिन बघायची तरी ठेवायची होतीत, अण्णा. मग त्याने आपल्या मनाला आवरलं. बर्फाच्या यंत्रापुढे अण्णा असेच उभे राहिले असतील, आणि घरी येऊन असेच जेवले असतील.

पंगतीत वडे-खीर वाढत असताना किल्लीचा विषय निघाला. काढला भास्करनेच, दुसऱ्या कुणी काढला असता तर घास उतरला नसता. कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडून त्याने ती दर्शनाच्या पानाशेजारी ठेवली. खोली तुझी, म्हणाला. संदेश म्हणाला, बाबा, राहू दे हो, थट्टेतली गोष्ट. इतका वेळ थट्टा करणारा बाबू आता एकदम भास्करच्या बाजूचा झाला: पुरुषाला घरात एक खोली असावी, नाहीतर तो देवळात जाऊन बसतो. आक्का म्हणाली, शब्द म्हणजे शब्द, आणि पोरीला जागा लागते तर लागते. दर्शना म्हणाली, बाबा, मला नको अशी. हे "अशी" भास्करला लागलं. त्याने किल्ली आणखी थोडी तिच्याकडे सरकवली.

"घे गो. फणसपोळी निदान वाळते तरी. माझं काही वाळतही नाही आणि फिरतही नाही."

सगळे हसले आणि विषय मिटला. मुळ्यांच्या घरात विषय मिटवायची हीच रीत होती. जेवण होताच दर्शना आणि संदेश खोली बघायला गेले. आतून सामान सरकवल्याचा आवाज यायला लागला. भास्करला तो ऐकवेना. पंचा खांद्यावर टाकून, इंजिन छातीशी धरून तो मागच्या पडवीत आला. बाकीची मंडळी ओटीवर आडवी झाली होती आणि बाबूच्या घोरण्याने सबंध ओटी भरली होती.

पडवीच्या बाहेर उन्हाचा नुसता लखलखाट होता. चिऱ्याच्या कठड्यावर हेमा केस मोकळे सोडून बसली होती. सकाळी न्हायली होती, आता कुठे तिला केस वाळवायला सवड मिळाली. तिच्याशेजारी कठड्यावर खोबरेलाची बाटली. भास्कर बसला. चाक ढकलून पाहिलं. पाव फेरा. दिव्याची वात वर केली, खाली केली. मग उगाच म्हणून त्याने त्या बाटलीकडे पाहिलं.

बाटलीत वरचं तेल पाण्यासारखं स्वच्छ होतं. तळाला मात्र, हेमाच्या सावलीत राहिलेल्या भागात, बोटभर पांढरं. थिजलेलं. साबुदाण्याच्या पेजेसारखं.

भास्कर त्या पांढऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने दट्ट्याच्या कडेला नख लावलं. नखाला मेणासारखं काहीतरी आलं.

आता कोकणातल्या कुठल्याही पोरीला विचारा. थंडीच्या दिवसांत खोबरेल थिजतं, न्हायच्या दिवशी बाटली सकाळीच उन्हात ठेवायची असते. हे शिकायला पुस्तक लागत नाही, डोक्यावर केस लागतात. भास्करच्या डोक्यावरचे केस वीस वर्षांपूर्वीच गेले होते. केस होते तेव्हा बाटली त्याच्या हातात यायची ती वितळलेलीच; ती कोण वितळवतं, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. अण्णांचं पाणी जन्मात थिजलं नाही, आणि याचं तेल एका रात्रीत थिजलं. घराण्याचा असा ताळेबंद जुळलेला पाहून त्याला एकट्यालाच हसू आलं.

त्याने ओलं फडकं सोडलं, इंजिन उचललं आणि कठड्यावर, बाटलीशेजारी, उन्हात ठेवलं. हेमाने केस दुसऱ्या खांद्यावर घेऊन थोडी जागा करून दिली. आणि ती जागा करून देताना भास्करला एकदम आठवलं, की काल संध्याकाळी बरणी हिनेच काढून दिली होती, आणि तोंड उघडून मिटलं होतं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"जन्मभर लावत्येय केसांना."

"मग बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर माझं हसं झालं."

"झालं," हेमा म्हणाली. "मला आत बसून ऐकवेना. दोन वडे जाळले मी." तिने केसांतून बोटं फिरवली. "काल तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. मग म्हटलं, चाक फिरलं तर खोली तुमची. खोली तुमची तर जूनमध्ये त्या दोघी जाणार. संदेशने शाळेचीसुद्धा चौकशी करून ठेवल्येय तिकडे. तुम्हाला सांगितलं की तुम्ही म्हणता, बघू."

बघू, हे भास्कर म्हणत होताच.

"तुमचं इंजिन दिवसाला किती वेळ चालणार? आणि ते थांबल्यावर घरात कुठला आवाज राहणार?" हेमा म्हणाली. "मला ओवी हवी आहे घरात. दर्शना हवी आहे. तुमच्याशी लबाडी केली मी. केली ती केली."

भास्करला राग यायला हवा होता. तो थोडा आलाही. पण राग नीट वर यायच्या आत त्याचा हात सवयीने चाकाकडे गेला. पितळ चांगलं तापलं होतं. दट्ट्याच्या कडेने तेल पातळ होऊन, पिवळसर, ओघळायला लागलं होतं. त्याने पंच्याने ते टिपलं, दिवा आतल्या बाजूला सरकवून पेटवला, वाऱ्याला आडोसा म्हणून पंचा धरला, आणि बोटाने धक्का दिला.

चाक फिरलं. एक फेरा, दोन फेरे, आणि मग मोजायचं कारण राहिलं नाही. पितळेच्या आऱ्या दिसेनाशा झाल्या आणि उन्हाची एक गोल चकती कठड्यावर थरथरत राहिली. आवाज तोच, शिवणयंत्राचा. हेमाने केसांतला हात तसाच ठेवला आणि पुढे वाकून बघायला लागली. पोस्टमनकडे बघतात तसं नाही. ओवी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिने पाहिलं होतं तसं.

"अगोबाई," ती हळूच म्हणाली. "फिरतंय हो."

तीन पिढ्यांत मुळ्यांच्या घरात पहिलं यंत्र चाललं होतं, आणि ते पाहायला सगळे नातेवाईक भिंतीपलीकडेच होते. एक हाक मारायची खोटी होती. बाबू मफलरासकट धावत आला असता. शब्द म्हणजे शब्द असं आक्काच म्हणाली होती, आणि श्राद्धाचा दिवस अजून मावळला नव्हता. भास्करने हाकेसाठी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात अढीच्या खोलीतून दर्शनाचा आवाज आला. ती संदेशला सांगत होती, इथे लाकडी फळ्या मारायच्या, इथे ताटं, आणि खिडकीशी ओवीला अभ्यासाला टेबल, म्हणजे मला तिच्यावर लक्ष ठेवता येईल. मग तिची पावलं पडवीच्या दिशेने वाजली.

"बाबा, तुमचा लेथ कुठे ठेवू या? बाहेर टाकायचा नाही मला."

भास्करने बोट लावून चाक थांबवलं. मग फुंकर मारून दिवा विझवला आणि इंजिनावर पंचा टाकला. ते सगळं इतक्या लगबगीने झालं की बोटाला चटका बसला. बोट तोंडात घालून तो हेमाकडे पाहायला लागला. हेमाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती ते लपवतही नव्हती.

दर्शना दारात येऊन उभी राहिली. उत्तर हेमाने दिलं, केसांचा अंबाडा बांधत बांधत, जणू हे सगळं कधीचंच ठरलेलं होतं.

"इथेच ठेव गो, पडवीच्या ह्या कोपऱ्यात. झाडून ठेवलाय मी काल रात्रीच. इथं ऊन चांगलं येतं."